गुणाची पोर

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या एक आक्का बरेच दिवस आल्या नाहीत. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले आमचे गाव. सुगीच्या दिवसांत वर्ग ओस पडतो, त्याचे आम्हाला नवल नाही. पण या आक्का कधी चुकायच्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि मुलगी झाली आहे. मग आम्ही म्हटले, चला, बाळंतिणीला बघून येऊ. रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून अळिवाची पुडी आणि खोबऱ्याची वाटी घेतली.

दिवस मार्गशीर्षाचे. अंधार पडताच हवेत गारवा भरत होता. घर दोन खणांचे. आतल्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला. दार लावलेले, खिडकीला पोते. धुराने आमच्याच डोळ्यांना पाणी आले. बाजेवर बाळंतीण कानाला फडके बांधून बसली होती आणि तिच्या मांडीवर ती नऊ दिवसांची चिमणी, कुंची घालून, डोळे मिटून, अगदी गप्प पडली होती.

आम्ही वाकून पाहिले आणि म्हणालो, "किती शांत आहे हो!"

"व्हय बाई," बाळंतिणीची चुलती म्हणाली. "लई गुणाची पोर. रडणं न्हाई, तरास न्हाई. लेकीच्या जातीला असंच पायजे."

आम्हीही मान हलवली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्यात चुलतीची चूक होती तशी आमचीही होती. पुस्तके वाचून आम्ही शहाणे झालो, असे आम्ही समजत होतो.

बाळंतीण मात्र काही बोलली नाही. ती रडत होती, आवाज न करता. विचारले तर म्हणे, उगीच येतं रडू. बाळंत झाल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत पुष्कळ बायांना असे उगीच रडू येते. अंगातली रसद एकदम बदलते, झोप होत नाही, आणि घरातले सगळे बाळाकडे बघतात, आईकडे कुणी बघत नाही. हे रडू बहुधा आपोआप थांबते. दोन आठवडे झाले तरी थांबले नाही, जेवण नको, झोप नको, बाळाकडे बघवत नाही असे झाले, तर तो आजार समजावा आणि डॉक्टरला सांगावे. त्याला औषध आहे. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसू नये.

पण या मुलीचे रडणे उगीच नव्हते.

आक्का स्वैपाकघरातून हात पुसत आल्या. "बाई, बरं झालं आलासा," म्हणाल्या. "जरा हिकडं बगा." आणि त्यांनी आम्हाला बाजेच्या मागच्या भिंतीपाशी नेले.

भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावर आडवी, अशी जुडी. वर्गात मोजणी शिकवताना आम्हीच ही पाचाची जुडी शिकवली होती. तिसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या तेव्हा त्या सांगून गेल्या होत्या की बाळ दिवसाकाठी किती लंगोट ओले करते ते मोजा. बाळंतिणीने ते ऐकून सोडून दिले असते, पण आक्कांनी कोळसा उचलला. एक ओला लंगोट, एक रेघ. दिवस संपला की खाली नवी ओळ.

"पाचव्या दिशी एक जुडी आन वर एक. सातव्याला पुरी जुडी. काल चार. आन आज दिवस मावळला तरी दोनच," आक्का बोटाने दाखवत म्हणाल्या. "पोर मोठी व्हायला लागली तर रेघा वाढाय पायजेत का न्हाई? ह्या कमी का होत चालल्यात?"

आम्ही त्या भिंतीकडे पाहत राहिलो. आता ते मूल आम्हाला शांत दिसेना.

येथे थोडे थांबून हिशेब सांगितला पाहिजे. बाळ किती दूध प्याले हे आईला दिसत नाही. वाटीतले दूध दिसते, छातीतले दिसत नाही. म्हणून बाया घाबरतात, "मला दूधच नाही" म्हणतात, आणि वरचे पाणी, साखरपाणी, गाईचे दूध सुरू करतात. खरे माप दुसऱ्या टोकाला असते. पोटात जाते तेच बाहेर येते. पहिल्या दिवशी एखादा, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत करत आठवड्याच्या सुमारास दिवसरात्र मिळून सहा किंवा त्याहून जास्त लंगोट ओले झाले, तर दूध पुरते आहे असे खुशाल समजावे. दुसरे माप वजनाचे. जन्मानंतर पहिल्या चार दिवसांत सगळ्याच बाळांचे वजन थोडे उतरते. त्याला घाबरू नये. पण ते दहा-चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनाला यायला हवे, आणि नंतर रोज पंचवीस-तीस ग्रॅमने चढायला हवे.

ही चिमणी जन्मली २ किलो ४०० ग्रॅमची. अडीच किलोच्या खालचे बाळ म्हणजे कमी वजनाचे बाळ. सातव्या दिवशी आशाताईंनी काटा लावला तेव्हा २ किलो २२० भरली. आशाताई म्हणाल्या, हिला दर दोन तासांनी उठवून पाजा, झोपली म्हणून राहू देऊ नका, मी दोन दिवसांनी पुन्हा येते. चुलतीला ते पटले नाही. झोपलेल्या लेकराला उठवायचे नाही, असे तिचे मत. आणि खरे सांगायचे तर, हे मत आपल्याकडे घरोघर आहे.

आम्ही विचारले, बाळाला आणखी काय देता? तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ घुटी. सहाणेवर मायफळ, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बदाम, खारीक यांचे वेढे उगाळून, मधात कालवून. दुपारी गुळाचे पाणी बोंडल्याने. सगळे प्रेमाने केलेले. पण लहान बाळाचे पोट ते केवढे! पहिल्या आठवड्यात ते आपल्या मुठीएवढेही नसते. ते घुटीने आणि गुळाच्या पाण्याने भरले की बाळ ओढून पीत नाही. बाळ ओढत नाही म्हणून आईचे दूध वाढत नाही. दूध वाढत नाही म्हणून गुळाचे पाणी आणखी. पोर अशक्त होते, रडायचीही ताकद राहत नाही, आणि घर म्हणते, गुणाची आहे. शिवाय सहाण, पाणी, मध यांतून जंतू जातात ते वेगळेच. मध तर वर्षाच्या आत बाळाला चाटवूच नये. त्यात कधी कधी एक विषारी जंतू असतो, तो मोठ्याला काही करत नाही, पण तान्ह्या बाळाचे अंग लुळे पाडतो.

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. डॉक्टरने दिलेले औषध तेवढे द्यावे. उन्हाळ्यातसुद्धा आईच्या दुधात पुरेसे पाणी असते.

आशाताईंना फोन लावला. त्या शेजारच्या वस्तीवर होत्या, अर्ध्या तासात आल्या. आल्याबरोबर त्यांनी शेगडी बाहेर काढायला लावली, हात धुतले आणि बाळाची कुंची सोडली. आधी पोटाला हात लावला, मग तळपायाला. दोन्ही गार. घरात एवढा शेक, आम्हाला घाम फुटला होता, आणि पोरीचे पोट गार! मग त्यांनी बाळंतिणीला पाजायला सांगितले. बाळाने तोंड लावले आणि तसेच सोडले. ओढायची शक्तीच नव्हती. छातीवर टिचकी मारली, तळवा चोळला, तरी डोळा उघडेना.

"आक्का, आता घरी ठेवायचं नाही," आशाताई म्हणाल्या, आणि त्यांनी १०२ ला फोन केला.

चुलती म्हणाली, रात्रीची वेळ आहे, ओली बाळंतीण आहे, सटवाईची पूजा झाली आहे, उद्या सकाळी बघू. बाळंतिणीचे वडील दारात उभे राहून विड्या ओढत होते. ते काहीच बोलेनात. एवढ्यात बाळंतिणीची पणजी, ऐंशीच्या पुढची म्हातारी, घोंगडीतून उठून बसली आणि म्हणाली, "ते कारड आना हिकडं."

कार्ड म्हणजे माता आणि बाल संरक्षण कार्ड. सरकारी दवाखान्यात नाव घातले की गरोदरपणातच ते मिळते. बहुतेक घरांत ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असते, आणि लस टोचायच्या दिवशी तेवढे निघते. म्हातारीने चष्मा लावला. ही बाई लग्न होऊन आली त्या सुमाराला गावात ग्राम शिक्षण मोहीम चालली होती. ती मोहीम १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यातच सुरू झाली आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रात गेली. कंदिलाच्या उजेडात चार महिने शिकलेली अक्षरे म्हातारीने साठ वर्षे टिकवली होती, ती पोथ्या वाचून. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचले. बाळ दूध पीत नसेल तर. बाळाचे अंग गार लागत असेल तर किंवा ताप असेल तर. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल तर. झटके येत असतील तर. तळहात-तळपाय पिवळे पडले असतील तर. नाळेतून पू येत असेल तर. ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

"ताबडतोब म्हंजी आत्ता," म्हातारी म्हणाली. "सकाळी न्हाई."

मग कुणी काही बोलले नाही. वडिलांनी विडी टाकली आणि रस्त्यावर बॅटरी घेऊन गेले, गाडीला वाट दाखवायला.

गाडी येईपर्यंत आशाताईंनी एक काम केले ते प्रत्येकीने शिकून घेण्यासारखे आहे. त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढले. डोक्याला टोपडे आणि कमरेला कोरडा लंगोट तेवढा ठेवला. बाळंतिणीच्या चोळीच्या गाठी सोडून पोरीला उभी, बेडकासारखे पाय पसरून, आईच्या दोन्ही छातींच्या मधोमध उघड्या अंगावर ठेवली. वरून जुने लुगडे घट्ट गुंडाळले आणि त्यावर शाल. तोंड एका बाजूला वळवलेले, नाक मोकळे. गार पडलेल्या बाळाला आईच्या अंगाइतकी चांगली शेगडी नाही. धूर नाही, भाजायची भीती नाही, आणि वाटेत गाडीतही ती बरोबर असते. कांगारू नावाचा प्राणी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वागवतो, त्यावरून याला कांगारू पद्धत म्हणतात. कमी वजनाच्या बाळाला घरीसुद्धा रोज जितका वेळ जमेल तितका वेळ असे ठेवावे.

तालुक्याच्या दवाखान्यात थोडे थांबून गाडी तशीच जिल्ह्याला गेली. तिथे नवजात बाळांची वेगळी खोली असते. रक्तात जंतू पसरले आहेत असे निघाले. शिरेतून औषध, नाकातून नळी. दहा दिवस. या दहा दिवसांचे आम्ही फार काही सांगू शकत नाही, आम्ही दोनदाच जाऊन आलो. एवढे सांगतो की पैसे लागले नाहीत. वर्षाच्या आतले आजारी बाळ सरकारी दवाखान्यात नेले तर उपचार, औषध, तपासणी, नेण्या-आणण्याची गाडी, सगळे फुकट असते. २०११ साली तसा कार्यक्रमच निघाला आणि पुढे तो वर्षाच्या आतल्या बाळांपर्यंत वाढवला. तरी गावात अजून लोक बाळ न्यायच्या आधी बकरी विकायला निघतात.

बाळंतीण तिथे रोज दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढून वाटीत द्यायची. पहिल्या दिवशी वाटीचा तळ कसाबसा झाकला. परिचारिकेने सांगितले, काढत राहा, काढले की येते. चौथ्या दिवशी अर्धी वाटी झाली. दूध आधी नळीने, मग उकळलेल्या बोंडल्याने, आणि आठव्या दिवशी पोरीने स्वतः ओढून पिले. आमच्या आज्यांच्या घरातले जुने बोंडले तिथे नव्या दवाखान्यात पाहून आम्हाला गंमत वाटली. बाटलीपेक्षा ते कितीतरी बरे, घासता येते आणि उकळता येते. बाटलीच्या बुचात घाण राहते.

जावई फलटणच्या बाजूचे, ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेबाला. तिसऱ्या दिवशी आले. बाळंतिणीला आंघोळीला आणि जेवायला जायचे असेल तेव्हा परिचारिकेने त्यांना सदऱ्याची बटणे सोडायला सांगितली आणि पोरगी त्यांच्या छातीवर ठेवली. ते लाजले. बाकाच्या पलीकडे बसलेल्या बायका पदराआड हसल्या. पण पोर लगेच झोपली, आणि मग दोन तास ते हललेच नाहीत. पाय मुंग्या येऊन बधिर झाला, तेव्हा शेजारच्या माणसाला म्हणाले, जरा माझा पाय सरळ करता का?

जावयांच्या आईही आल्या होत्या, पाचव्या दिवशी, बाळंतविडा घेऊन. "पहिली बेटी, धनाची पेटी," असे म्हणाल्या. तोंड मात्र तसे नव्हते, असे आक्का सांगतात. आम्ही विहीणबाईंना दोष देत नाही. आक्का स्वतः घरातली चौथी मुलगी. चौथी मुलगी म्हटल्यावर नाव काय पडले असेल, ते साताऱ्याच्या वाचकाला सांगायला नको. वर्गात पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बाई, दुसरं कायतरी लिवते." २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या २८५ मुलींची नावे समारंभ करून बदलली. ज्या मोठ्या होऊन सासरी गेल्या होत्या, त्यांच्यापैकी पुष्कळ जणी तशाच राहिल्या. त्याच वर्षीच्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८९४. गर्भ मुलीचा आहे का ते तपासणे कायद्याने गुन्हा आहे. पण जन्मलेल्या मुलीला "शांत आहे, झोपू द्या" म्हणणे गुन्हा नाही, आणि त्यानेही मुली जातात.

चिमणी विसाव्या दिवशी घरी आली. वजन २ किलो ३५०. जन्माच्या वजनालाही पुरी पोचली नव्हती. पण डोळे उघडे होते आणि रडत होती. आक्का म्हणाल्या, असा गोड आवाज म्या कधी ऐकला न्हाई.

त्यानंतर आम्ही आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. वर्गच तिकडे नेला म्हणा ना. आता बाळंतिणीचा दिवस कसा जातो ते पाहायला मिळाले.

पहाटे चारला पहिले पाजणे. बाळंतिणीला बसून पाजताना पाठीला उशी लागते, ती दिली नाही तर महिन्यात कंबर धरते. बाळाचे तोंड मोठे उघडले की मगच छातीला घ्यायचे, म्हणजे नुसते बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात जातो. नुसते बोंड चोखले तर चिरा पडतात आणि दूधही येत नाही. या मुलीच्या छातीला चिरा होत्या, आणि त्या दुखण्यापायी ती पाजणे लांबवत होती. हे तिने आईलासुद्धा सांगितले नव्हते. धरायची पद्धत बदलली आणि पाजल्यावर दुधाचाच एक थेंब लावून वाळू दिला, चार दिवसांत चिरा भरल्या. पाजून झाले की खांद्यावर घेऊन ढेकर. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे होते. त्यातले तीन-चार रात्रीचे. ज्या घरात बाळंतिणीला दुपारी झोपू देत नाहीत, त्या घरातल्या माणसांनी एक रात्र तरी तिच्या शेजारी जागून पाहावी.

उजाडल्यावर आक्का बाळंतिणीला तेल लावतात, मग बाळाला. तेल लावणे चांगले. हलक्या हाताने, कोमट तेलाने. बाळाच्या नाकात, कानात मात्र तेल घालू नये. आंघोळ पटकन, उबेच्या जागी, आणि लगेच कोरडे करून कपड्यात. बाळ फार बारीक असेल तर वजन भरेपर्यंत नुसते ओल्या फडक्याने पुसून घेतले तरी चालते. नाळेवर हळद, तेल, राख काही लावायचे नाही. ती कोरडी राहिली की आठ-पंधरा दिवसांत आपोआप पडते. डोळ्यांत काजळ घालायचे नाही. दृष्ट लागू नये असे वाटत असेल तर तळपायाला तीट लावा, आमची हरकत नाही.

मुलीच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही येथे स्पष्ट लिहितो. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात काही मुलींच्या लघवीच्या जागेतून पांढरा स्राव येतो, कधी रक्ताचा ठिपकाही दिसतो. आईच्या अंगातला रस पोटात असताना बाळाला मिळत होता, तो एकदम बंद झाला, म्हणून असे होते. आठवड्यात थांबते. याच कारणाने बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते आणि दाबली तर दुधासारखे पाणी येते. आपल्याकडे न्हाऊ घालणारी बाई ते पिळून काढते. पिळले नाही तर मुलगी मोठी झाल्यावर त्रास होईल, म्हणते. अजिबात पिळू देऊ नये. पिळल्याने तिथे पू होतो, आणि मोठेपणी तिलाच दूध पाजायची वेळ आली म्हणजे त्याचा त्रास भोगावा लागतो. आणि मुलीला शी पुसताना, धुताना नेहमी पुढून मागे. मागची घाण पुढे आली की लघवीच्या जागेला जंतू लागतात.

न्हाणे झाले की पूर्वी धुरी द्यायचे. आता शेगडी अंगणात आहे. पाणी तापवायला. खिडकीवरचे पोते निघाले. थंडीचा वारा सरळ अंगावर येऊ नये एवढेच बघायचे, बाकी उजेड हवा. उजेडात बाळ पिवळे पडले तर दिसते. अंधारात दिसत नाही.

बाळंतिणीच्या ताटात पहिल्यांदा काय होते? भात, तूप आणि जिऱ्याचे पाणी. पालेभाजी वर्ज्य, कारण बाळाला बाधेल. पाणी वाटीवाटीने, कारण पोट सुटेल. दूध हे पाण्याचेच होते, मग पाणी तोडून कसे चालेल? आता ती बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, मेथी, वरण, अंडे, जे घरात असेल ते खाते, आणि एरवीपेक्षा जास्त खाते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू चांगलेच आहेत, पण लाडवावर जेवण भागत नाही. पाजायला बसली की शेजारी तांब्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. त्या पेटीत तशाच पडल्या होत्या.

एके दिवशी चुलती म्हणाली, "पयलं पिवळं दूध आमी पिळून टाकायला लावलं हुतं दवाखान्यात. नर्सबाई रागावली. त्ये खराब असतंय ना?" आम्ही काही उत्तर द्यायच्या आत आक्काच म्हणाल्या, "म्हस व्याली की चीक रेडकाला पाजतीस का न्हाई? न्हाई पाजला तर रेडकू जगतं का?" चुलती गप्प बसली. मग म्हणाली, "आन उरल्याचा खरवस करतो." खरोखर, जनावराच्या बाबतीत जे आपल्याला बिनशिकवता कळते ते माणसाच्या बाबतीत का कळू नये, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

आशाताई ठरल्या दिवशी यायच्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरोघर जाऊन नवजात बाळ बघायची ही रीत महाराष्ट्रातच सिद्ध झाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना बाळाचा श्वास मोजायला, वजन घ्यायला, आजार ओळखायला शिकवले. ३९ गावांत हे काम केले, तेव्हा तीन वर्षांत तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते छापून आले आणि जगभर गाजले. २०११ पासून देशभर आशाताई ते काम करतात. श्वास मोजायचा म्हणजे बाळ शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. आक्का आता साठापर्यंत न अडखळता मोजतात. आमच्या वर्गात त्या एकोणतीसवर अडकायच्या.

कागदांचेही थोडे सांगतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत फुकट होते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर दवाखानाच कळवतो, पण दाखला आपण मागून घ्यावा आणि नावे नीट वाचून घ्यावी. बाळाचे नाव ठरले नसेल तर मागून घालता येते. पहिल्या बाळंतपणाला आईला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. महाराष्ट्रात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी लेक लाडकी योजना आहे. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षांची झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार होतात. अर्ज अंगणवाडीताईंकडे. जावयांनी हा हिशेब ऐकला आणि लगेच बोटांवर वर्षे मोजली. आम्ही म्हणालो, आधी तिला बसायला तर येऊ द्या.

बारसे बाराव्या दिवशी व्हायचे होते ते राहून गेले होते. ते बेचाळिसाव्या दिवसानंतरच्या रविवारी करायचे ठरले. त्याआधी दीड महिन्याची लस. पोटात देण्याचे डोस, पोलिओचा आणि जुलाबाचा, आणि सुया. सुयांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ, मेंदूज्वर, न्युमोनिया यांची लस असते. असे अडीच महिन्यांनी आणि साडेतीन महिन्यांनी पुन्हा. टोचल्यावर एखादा दिवस ताप येतो, मांडी सुजते. परिचारिका सांगेल तेवढेच औषध द्यावे, सुजेवर काही चोळू नये, आणि पाजणे चालू ठेवावे. ताप आला म्हणून पुढचा डोस चुकवू नये.

लशीच्या दिवशी आम्ही बरोबर गेलो होतो. उपकेंद्राबाहेर चिंचेखाली बायांची रांग. काट्याच्या झोळीत चिमणीला ठेवले तसा तिने जो टाहो फोडला तो पार रस्त्यापर्यंत गेला. आक्का काट्यापाशी वाकल्या. परिचारिका आकडा सांगणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा बाई, मला वाचू द्या." आणि बोट ठेवून वाचला, दोन किलो नऊशे ऐंशी.

कार्डावर मुलींचा तक्ता गुलाबी आणि मुलांचा निळा असतो. परिचारिकेने गुलाबी तक्त्यावर ठिपका दिला. आधीचे ठिपके खाली गेलेले, मग एक सपाट, मग वर. शेवटचा अजून हिरव्या पट्ट्यात गेला नव्हता. खालच्याच पट्ट्यात, पण हिरव्याच्या दिशेने. बाळंतिणीने तो ठिपका बराच वेळ पाहिला. मग विचारले, "पुढचं वजन कवा?"

घरी आल्यावर आम्ही पाहिले, भिंतीवरच्या रेघा तशाच आहेत. बारशासाठी घर सारवायचे आणि भिंतींना पांढरी माती द्यायची चालली होती. तीन भिंती झाल्या होत्या. बाजेमागची ती भिंत आक्का सारवू देईनात. चुलती म्हणाली, पाव्हणे येतील, काळ्या रेघा काय दिसतील? आक्का म्हणाल्या, पाळणा तिकडंच टांगायचा, म्हंजी दिसायच्या न्हाईत. आणि तसेच केले.